ज्वर उतरल्यावर : ‘एकरात्रि’ आणि ‘ॲरबी’

ग्रंथालयातील पुस्तकांची कपाटे भाषावार लावलेली असतात. त्यामुळे काही कथा आयुष्यभर एकमेकींच्या शेजारी येतच नाहीत. रवींद्रनाथ ठाकुरांच्या कथांची भाषांतरे एका भिंतीला आणि जेम्स जॉइसचा ‘डब्लिनर्स’ हा संग्रह समोरच्या भिंतीला, अशी त्यांची ताटातूट पुष्कळ ठिकाणी आढळेल. एकदा ही दोन्ही पुस्तके प्रस्तुत लेखकाने योगायोगाने एकाच खेपेस घरी नेली, आणि ‘एकरात्रि’ व ‘ॲरबी’ या दोन कथा लागोपाठच्या दोन रात्री वाचल्या. त्या वाचनातून सुरू झालेला विचार या शताब्दी स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे. दोन्ही कथांत एक निनावी तरुण आपल्या कोवळ्या वयातील वेडाची हकीकत स्वतःच सांगतो. दोन्ही कथा इंग्रजी साम्राज्याखालील शहरांतून वा गावांतून घडतात, त्याही जवळजवळ एकाच काळात. एवढे असूनही त्या दोघांचा भ्रमनिरास एकमेकांच्या अगदी उलट दिशेने होतो. तो तसा का होतो, याचे उत्तर मला काही अंशी इतिहासात सापडते.

प्रथम काळाचा हिशेब. ‘एकरात्रि’ १८९२ साली ‘साधना’ मासिकात प्रसिद्ध झाली. हे मासिक ठाकूर घराण्यातूनच १८९१च्या अखेरीस निघू लागले होते. त्या सुमारास रवींद्रनाथ शिलाइदह येथे राहून घरच्या जमीनदारीचा कारभार पाहत होते, आणि नायब, गुमास्ते, पेशकार, वकील, शाळामास्तर अशा मंडळींशी त्यांचा रोजचा संबंध येत होता. ‘पोस्टमास्टर’सारख्या कथा याच पाण्यावर वाढल्या. ‘ॲरबी’ जॉइसने १९०५ साली त्रिएस्ते येथे, वयाच्या तेविसाव्या वर्षी लिहिली. ती ज्या संग्रहात आहे तो प्रकाशकांच्या धास्तीमुळे वर्षानुवर्षे रखडला. एका प्रकाशकाने तो घेऊन परत केला, दुसऱ्याच्या वेळी १९१२ मध्ये छापलेले फर्मे मुद्रकाने नष्ट केले, आणि अखेर १९१४ मध्ये पहिल्याच प्रकाशकाने तो काढला. कथेतली जत्रा मात्र खरी आहे. ‘ॲरबी’ नावाचा पौर्वात्य थाटाचा बाजार १४ ते १९ मे १८९४ या दिवसांत डब्लिनमध्ये एका रुग्णालयाच्या मदतीसाठी भरला होता. जॉइस तेव्हा बारा वर्षांचा होता. म्हणजे एका कथेचे लेखन आणि दुसरीतील प्रसंग यांत दोनच वर्षांचे अंतर पडते.

रवींद्रनाथांच्या नायकाचे वेड समजून घ्यायचे तर त्याच्या गावापासून आरंभ करावा लागतो. सुरबाला ही त्याच्या बालपणीची सवंगडी. दोघे एकाच पाठशाळेत जात आणि भातुकलीत नवरा-नवरी होत. सुरबालेची आई दोघांना शेजारी बसवून जोडा शोभतो असे म्हणे. एवढ्यावरून या मुलाची समजूत झाली की सुरबालेवर आपला विशेष हक्क आहे, आणि तो हक्क तो तिला दटावून, राबवून बजावीत असे. वडील चौधरी जमीनदारांचे नायब. मुलाने जमीनदारीचे कारकुनी काम शिकावे ही त्यांची इच्छा. मुलाची झेप मात्र अधिक उंच होती. गावचा एक मुलगा कलकत्त्याला पळून जाऊन शिकला आणि कलेक्टरचा नाझर झाला, तसे किंवा निदान जज्जाच्या कचेरीतील हेडक्लार्क तरी आपण व्हावे, असे त्याला वाटते. त्यामागचे कारण रवींद्रनाथांनी मोठ्या मिष्कीलपणे दिले आहे. घरी भाजी, मासळी आणि प्रसंगी रोख रक्कम देऊन वडील कोर्टातील कारकुनांची आणि पट्टेवाल्यांची आराधना करतात, हे त्याने पाहिलेले असते. बंगालमधील खेड्यात तेहतीस कोटी देवांची गादी सरकारी नोकरांनी केव्हाच घेतली होती! आपल्याकडील मामलेदार कचेरीच्या ओट्यावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

पंधराव्या वर्षी तो कलकत्त्याला पळतो, आणि तिथे त्याच्या महत्त्वाकांक्षेची जात बदलते. सभा, भाषणे, वर्गणी यांचा तो काळ. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी १८७०च्या दशकात कलकत्त्याच्या विद्यार्थ्यांपुढे मॅझिनीवर व्याख्याने दिली होती, आणि इटलीच्या त्या देशभक्ताचे नाव तरुणांच्या तोंडी झाले होते. आपला नायक उपाशीपोटी, भर दुपारच्या उन्हात वर्गणीची वही घेऊन दारोदार हिंडतो, रस्त्यावर जाहिराती वाटतो, सभेत बाके आणि खुर्च्या मांडतो. आपल्या पुढाऱ्याविरुद्ध कोणी अवाक्षर काढले तर तो बाह्या सरसावतो. नाझर व्हायला आलेला मुलगा मॅझिनी-गॅरिबाल्डी होण्याच्या तयारीला लागतो. शहरी पोरे त्याच्या गावंढळपणाला हसतात, पण ज्वर चढलेल्याला हसणे ऐकू येत नाही.

याच वेळी घरून लग्नाचा विषय येतो. तो अठरा वर्षांचा आणि सुरबाला त्याच्याहून सात वर्षांनी लहान, म्हणजे अकरांची. इथे क्षणभर थांबून एक तारीख ध्यानात घ्यावी. संमतिवयाचा कायदा १८९१च्या मार्चमध्ये संमत झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. त्यावरून पुण्यात उठलेले रान मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. ‘एकरात्रि’ त्यानंतर सव्वा वर्षाच्या आत छापली गेली, आणि तिच्यात या वादाचा एक शब्दही नाही. अकरा वर्षांच्या मुलीचे लग्न जुळते, मोडते, दुसरीकडे होते, हे सारे हवापाण्याची बातमी द्यावी तसे सांगितले आहे. स्वतः रवींद्रनाथांचा विवाह १८८३ साली झाला तेव्हा वधू दहाएक वर्षांचीच होती. नायक लग्नाला नकार देतो तो सुरबालेच्या वयाकडे पाहून देत नाही. आजन्म अविवाहित राहून देशासाठी मरायचे, असा त्याचा पण असतो. दोनचार महिन्यांत सुरबाला रामलोचन नावाच्या वकिलाच्या घरी गेल्याचे त्याला कळते. पतित भारतासाठी वर्गणी गोळा करण्यात गढलेल्या त्याला ही बातमी अगदीच क्षुल्लक वाटते.

मग वडील वारतात. आई आणि दोन बहिणी पदरी, कॉलेज सुटते, आणि नोआखाली विभागातील एका लहान गावच्या इंग्रजी शाळेत तो सेकंड मास्तर होतो. तिथेही पहिले काही दिवस एकेका विद्यार्थ्याला भावी भारताचा सेनापती करण्याचा बेत चालतो. पण भारतापेक्षा परीक्षा अधिक निकडीची ठरते. व्याकरण आणि बीजगणिताबाहेर शब्द गेला की हेडमास्तर रागावतात. दोन महिन्यांत उत्साह निवतो. कथेतील हा भाग मला सर्वांत खरा वाटतो. मोठ्या स्वप्नाचा शेवट एखाद्या आघाताने क्वचितच होतो. बहुधा तो वेळापत्रकाने होतो.

योगायोग असा की गावचे सरकारी वकील रामलोचन राय शाळेजवळच राहतात. त्यांच्याकडे गप्पा मारीत बसला असता पलीकडच्या खोलीत बांगड्यांचा किणकिणाट, वस्त्राची सळसळ आणि पावलांची चाहूल त्याला ऐकू येते. खिडकीच्या फटीतून कोणीतरी पाहत आहे असा भास होतो, आणि त्याबरोबर ते लहानपणीचे डोळे आठवतात. ज्याने लग्नाचा प्रश्न वर्गणीच्या वहीखाली झाकून टाकला होता, त्याला आता कळते की जी आपली कोणीही होऊ शकली असती तिचा विचार करणे हेही आता पाप आहे. चार पाठ मंत्र म्हणून एक परका माणूस तिला घेऊन गेला, ही त्याची तक्रार. ती ऐकताना हसू येते आणि त्या हसण्याची लाजही वाटते.

पुढे वादळाची रात्र येते. रामलोचन खटल्यासाठी बाहेरगावी गेलेले. मध्यरात्र उलटल्यावर समुद्राचे पाणी गावावर येते. शाळेची जागा उंचावर आहे, म्हणून सुरबालेला तिकडे आणावे या विचाराने तो निघतो. पाणी चढत असल्याने तो तळ्याच्या उंच बांधावर चढतो, तर पलीकडून तीही चढून आलेली. बाकी सारे जलमय, आणि पाचसहा हातांच्या त्या तुकड्यावर ती दोघे. कोणी शब्द बोलत नाही, कुशलही विचारीत नाही. पहाट होते, पाणी उतरते, दोघे आपापल्या घरी जातात.

ही पूररात्र निव्वळ काव्यमय कल्पना म्हणून वाचू नये. मेघनेच्या मुखाशी असलेल्या या मुलखाला ३१ ऑक्टोबर १८७६च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने असेच बुडविले होते. सुमारे एक लाख माणसे त्या लाटेत गेली आणि जवळजवळ तेवढीच पुढच्या पटकीत व उपासमारीत. ‘साधना’च्या वाचकांना ही आठवण सोळाच वर्षांपूर्वीची होती. त्याच किनाऱ्यावर नोव्हेंबर १९७० मध्ये याहूनही भीषण प्रलय झाला. तेव्हा तळ्याचा बांध हे त्या प्रदेशातील जिवंत राहण्याचे खरोखरीचे ठिकाण होते, आणि दोघे तिथे पोहोचली यात कथाकाराने ओढूनताणून काही आणलेले नाही.

आता डब्लिनकडे वळू. जॉइसच्या कथेत वादळ नाही की पूर नाही. एक आंधळी गल्ली आहे, काका-काकूंच्या घरी राहणारा एक मुलगा आहे, आणि त्याच्या मित्राची, मँगनची, बहीण आहे. या मुलीला कथेत नाव नाही. रोज सकाळी दिवाणखान्याच्या जमिनीवर पालथे पडून, पडदा बोटभर वर ठेवून तो तिच्या दाराकडे पाहतो आणि ती निघाली की तिच्या मागे चालू लागतो. दोघांत जे एकच संभाषण होते ते ‘ॲरबी’विषयी. तिला त्या आठवड्यात कॉन्व्हेंटमध्ये धर्मचिंतनासाठी राहावे लागणार म्हणून जाता येत नाही. हातातील चांदीचे कंकण फिरवीत ती हे सांगते. आपण गेलो तर तुझ्यासाठी काही आणू, असे तो बोलून बसतो.

या कथेविषयी लिहिणारे बहुधा तिच्यातील धार्मिक प्रतीकांवर लिहितात. ती आहेतच. मला मात्र तिच्यातील पैशांचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. शनिवारी रात्री काका नऊ वाजता पिऊन घरी येतात आणि त्याला एक फ्लोरिन, म्हणजे दोन शिलिंग, म्हणजे चोवीस पेन्स देतात. (देता देता ‘अरबाने आपल्या घोड्याचा घेतलेला निरोप’ ही त्या काळी घरोघर पाठ असलेली कविता म्हणू लागतात. मुलाच्या जिवाची घालमेल आणि काकांचे काव्यप्रेम यांचा हा सामना कोणत्याही भाषेतील घरात घडू शकेल.) तो तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एकटा बसून पोहोचतो तेव्हा दहाला दहा मिनिटे कमी असतात. सहा पेन्सचे दार सापडत नाही, म्हणून घाईघाईने शिलिंगाच्या दाराने आत शिरतो. शेवटी खिशात सहा पेन्सचे एक नाणे आणि दोन पेनी उरतात. बारा पेन्स दाराला, आठ शिल्लक, म्हणजे चार पेन्स गाडीला गेले. अर्धी पुंजी दारातच संपली. चिनी मातीची फुलदाणी आठ पेन्सांत येत नाही, हे त्याला दुकानावरील बाई बोलण्यापूर्वीच कळलेले असते. ती बाई दोन तरुणांशी हसतखिदळत असते, आणि त्या तिघांचे उच्चार इंग्रजी आहेत एवढेच मुलगा नोंदवितो. पलीकडे दोघे जण गल्ला मोजीत असतात. दिवे मालवले जातात, आणि अंधाराकडे पाहत असता स्वतःच्या पोकळ डौलाची त्याला ओळख पटते. त्याचे डोळे दुःखाने आणि संतापाने जळू लागतात. कथा तिथेच संपते.

साहेबी उच्चारांच्या त्या नोंदीत केवढा इतिहास आहे! अरबस्तानचे नाव, आयर्लंडमधील रुग्णालयाची मदत, आणि दुकानावर इंग्रजी बोली. पूर्वेचे स्वप्नदेखील ज्याचे राज्य त्याच्याच हातून विकत घ्यावे लागते. आणखी एक धागा पाहावा. मुलगा काकूबरोबर बाजारात ओझी वाहत जातो तेव्हा रस्त्यावरचे गायक ओडोनोव्हन रोसा या क्रांतिकारकाची आणि देशाच्या हालअपेष्टांची गाणी म्हणत असतात. मुलाला ती गाणी म्हणजे निव्वळ गोंगाट वाटतो. त्या गर्दीतून आपण एक पवित्र पात्र जपून नेत आहोत, अशी त्याची भावना असते आणि ते पात्र म्हणजे मँगनच्या बहिणीची प्रतिमा. कलकत्त्यातील मुलाला देशाच्या गजरात मुलगी ऐकू आली नाही. डब्लिनच्या मुलाला मुलीच्या ध्यासात देशाची गाणी ऐकू आली नाहीत. पार्नेल १८९१ साली गेला होता, त्याच्या पतनाने आयरिश राजकारण दुभंगले होते, आणि थकलेल्या पिढीच्या मुलांना गाणी उरली होती, सभा उरल्या नव्हत्या. बंगालमध्ये याच वेळी सभांना नुकता बहर येत होता. काँग्रेसची स्थापना होऊन सहासात वर्षेच झाली होती. मोहाचे विषय वेगळे पडले ते माझ्या मते यामुळे.

तरीही जॉइसने देश पुरता बाहेर ठेवलेला नाही. मँगन हे आडनाव सहज आलेले नसावे. जेम्स क्लॅरेन्स मँगन (१८०३–१८४९) हा आयरिश कवी आपल्या स्वतःच्या कविता अरबी-फारसीतून भाषांतरित केल्याचे सांगून खपवी, आणि आयर्लंडला स्त्रीरूपात आळवणारी त्याची कविता प्रसिद्ध आहे. जॉइसने १९०२ मध्ये त्याच्यावर निबंध वाचला होता. तेव्हा या ‘मँगनच्या बहिणी’च्या मागे, त्या मुलाच्या नकळत, आयर्लंडची सावली उभी असेल, असा तर्क करण्यास जागा आहे. त्यापुढे मी जाणार नाही. मुलीला फक्त प्रतीक करून टाकले की तिचे कंकण दिसेनासे होते.

या दोन कथांचा आपल्या मराठी जगाशी संबंध काय, असे कोणी विचारील. मॅझिनीचा ज्वर महाराष्ट्राला बंगालइतकाच चढला होता. सावरकरांनी केलेले मॅझिनीच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर १९०७ साली पुण्यात निघाले, आणि पुढे सरकारने ते जप्त केले. आणि वडोद्यातील वाचकाला एक गोष्ट अधिक जवळची आहे. १८९३ मध्ये इंग्लंडहून येऊन येथील संस्थानच्या सेवेत रुजू झालेले अरविंद घोष याच काळात मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये सभा-अर्जांच्या राजकारणावर कठोर लेख लिहीत होते, आणि त्यांच्या आरंभीच्या इंग्रजी कवितांत एक पार्नेलवर आहे. डब्लिन, कलकत्ता आणि वडोदे ही त्या दशकात वाटतात तेवढी दूर नव्हती.

दुसरा संबंध खाजगी आहे. विलायतेस जाण्यापूर्वी, १८७८ साली, सतरा वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईस प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी इंग्रजी रीतिरिवाज शिकण्यासाठी राहिले होते. डॉक्टरांची सुशिक्षित कन्या अन्नपूर्णा, घरातील नाव आना, त्यांची शिक्षिका. तिने मागितले म्हणून त्यांनी तिला ‘नलिनी’ हे नाव दिले. पुढे तिचा विवाह वडोद्यात अध्यापक असलेल्या हॅरॉल्ड लिटलडेल यांच्याशी झाला, आणि १८९१ मध्ये एडिंबरो येथे ती निवर्तली. ‘एकरात्रि’ पुढच्याच वर्षीची. या दोन तारखा जोडून कथेचा उगम सांगण्याचा मोह अनेकांना होईल. तो आवरलेला बरा. कथेतील मुलगी खेड्यातली आहे आणि बालपणीची आहे. शिवाय रवींद्रनाथांनी त्या मराठी मुलीविषयी वृद्धपणी ‘छेलेबेला’त आणि इतरत्र जे सांगितले ते आदराने, कसलाही गाजावाजा न करता सांगितले. आपल्या कथानायकाला मात्र सुरबालेची आठवण हक्काच्या भाषेतच येते.

हा हक्काचा मुद्दा मला शेवटपर्यंत सोडवत नाही. दोन्ही कथांतील मुली जवळजवळ मुक्या आहेत. मँगनची बहीण चार वाक्ये बोलते. सुरबाला मोठेपणी एकही बोलत नाही. त्या रात्री ती बांधावर का आली, जीव वाचवायला की आणखी कशासाठी, हे विचारण्याचे त्या तरुणाला सुचतही नाही. रामलोचनच्या घरी ती सुखी असेल, ही शक्यता तो क्षणभर हाताळतो आणि बाजूला ठेवतो. शेवटी तो म्हणतो की आपण नाझर झालो नाही, सिरस्तेदार झालो नाही, गॅरिबाल्डीही झालो नाही, एका मोडक्या शाळेचे सेकंड मास्तर झालो, पण ती एक रात्र हीच आपल्या तुच्छ आयुष्याची सार्थकता. पुष्कळ वाचकांचे डोळे इथे पाणावतात. माझेही पाणावले होते. आता मात्र मला वाटते की या माणसाने एक ज्वर उतरताच दुसरा अंगावर घेतला आहे. पूर्वी तो भारतासाठी बाके मांडीत होता, आता एका रात्रीसाठी सारे आयुष्य मांडून बसला आहे. रवींद्रनाथांना हे ठाऊक नसेल असे कसे म्हणावे? मॅझिनीविषयी ज्या मिष्कील सुरात कथा सुरू होते, तो सूर शेवटच्या ओळींत ऐकू येत नाही, पण तो कथेत अगोदर येऊन गेलेला आहे.

जॉइसचा मुलगा असे सांत्वन घेत नाही. त्याला रात्र मिळते ती मालवलेल्या दिव्यांची. सोमवारी मँगनच्या बहिणीने जत्रेविषयी विचारले असेल काय, आणि त्याने काय उत्तर दिले असेल, हे लेखक सांगत नाही. खिशातले आठ पेन्स मात्र त्याच्याजवळ शिल्लक होते.